वावडे खरे, वावडे मानलेले

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सातपूरहून एक तरुण आई आणि तिच्या सासूबाई चौदा महिन्यांच्या मुलाला घेऊन पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात आल्या. मुलाला ताप नव्हता, खोकला नव्हता. आईने पिशवीतून आठ पानांचा एक अहवाल काढून माझ्यापुढे ठेवला. कुठल्याशा प्रयोगशाळेने बाळाचे रक्त तपासून शंभराहून अधिक खाद्यपदार्थांची यादी छापली होती आणि त्यांपैकी २९ पदार्थांपुढे लाल खूण होती. गाईचे दूध, गहू, अंडे, शेंगदाणा, तूरडाळ, हरभरा, वांगे, केळे, तीळ. आईने तो अहवाल अक्षरशः पाळला होता. गेले चार महिने मूल मऊ भात, मुगाचे पाणी, साबुदाण्याची लापशी आणि सफरचंदाचा गर एवढ्यावर होते. मी वजन केले. ७ किलो ८०० ग्रॅम. दहाव्या महिन्यातल्या नोंदीत ते ७ किलो ९०० ग्रॅम होते.

"हे सगळे सुरू कशावरून झाले?" मी विचारले. टोमॅटोच्या सारावरून, असे उत्तर आले. मुलाने वाटी तोंडाला लावली, सार ओघळले आणि ओठांभोवती, हनुवटीवर लाली आली. अर्ध्या तासात ती गेलीही. आंबट पदार्थ तान्ह्याच्या नाजूक कातडीला लागला की असे पुष्कळदा होते. ती ॲलर्जी नव्हे. परंतु शेजारणीने तपासणीचे नाव सुचवले, प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला, आणि चार महिन्यांत मुलाच्या दंडावरचे मांस उतरले.

वाचकहो, त्या आईला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. जे केले ते तिने काळजीपोटी केले. शिवाय खाद्यपदार्थांची ॲलर्जी ही काल्पनिक गोष्ट आहे असेही मला म्हणायचे नाही. माझ्या याच दवाखान्यात वीस-बावीस वर्षांपूर्वी तीन वर्षांचा एक मुलगा श्वासासाठी धडपडत होता, आणि कारण होते तिळगुळाच्या वडीतले दाण्याचे कूट. त्या मुलाकडे मी पुढे येणारच आहे, कारण त्याच्या प्रकरणात माझाही वाटा आहे.

एका शब्दाखाली अनेक दुखणी

या विषयात मराठीला शब्दांची वाण नाही. एखादी वस्तू सोसत नाही, बाधते, मानवत नाही, तिचे वावडे आहे, तिने अंगावर पित्त उठते, गांधी येतात. घोटाळा असा की दूध प्यायल्यावर पोट फुगणे आणि दूध प्यायल्यावर ओठ सुजून दम लागणे या दोन्ही गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. पहिलीत बहुधा दुधातली साखर पचवणारे द्रव्य आतड्यात अपुरे असते. माणूस अस्वस्थ होतो, पण जिवाला धोका नसतो. दुसरीत दुधातल्या प्रथिनाला शरीराची संरक्षणव्यवस्था शत्रू समजते. खरी ॲलर्जी ती ही.

'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. पुढे १९२१ साली जर्मनीत कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक धाडसी प्रयोग केला. क्युस्टनर यांना मासे खाल्ले की अंगभर गांधी उठत. प्राउस्निट्झ यांनी त्यांच्या रक्तातला पातळ अंश स्वतःच्या कातडीखाली टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. मासे निर्धास्तपणे खाणाऱ्या प्राउस्निट्झ यांच्या कातडीवर त्या जागी गांध उठली. वावडे रक्तातून दुसऱ्याला देता येते, हे सिद्ध झाले. रक्तातली ती वस्तू नेमकी कोणती, हे कळायला मात्र आणखी ४५ वर्षे गेली. अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी ती स्वतंत्रपणे शोधली. १९६८ साली तिला 'इम्युनोग्लोब्युलिन ई', थोडक्यात 'आयजीई', हे नाव मिळाले.

हे आयजीई विशिष्ट पेशींच्या अंगावर चिकटून बसते. पुढच्या वेळी तेच प्रथिन शरीरात आले की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन आणि इतर द्रव्ये बाहेर टाकतात. त्यामुळे गांधी, सूज, उलट्या, श्वासनलिका आवळणे, आणि फार झाले तर रक्तदाब कोसळणे. हे सारे काही मिनिटांत, बहुतेक वेळा दोन तासांच्या आत घडते. काल दुपारी खाल्लेल्या वांग्यामुळे आज रात्री नाक गळते आहे, असे कोणी सांगितले तर मी वांग्यावर संशय घेत नाही.

रक्ततपासणी नेमके हेच आयजीई मोजते. ते रक्तात असणे आणि पदार्थ खाल्ल्यावर त्रास होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचा उत्तम पुरावा आपल्या शेजारच्या राज्यातला आहे. अनेक देशांत एकाच पद्धतीने झालेल्या एका मोठ्या पाहणीत बेंगळुरू आणि म्हैसूर येथील प्रौढांचे रक्त तपासले गेले. निरनिराळ्या खाद्यपदार्थांविरुद्ध आयजीई आढळलेली माणसे निघाली २६.५ टक्के. त्या पदार्थांनी खरोखर त्रास होतो असे दिसले ते अवघ्या १.२ टक्के लोकांना. म्हणजे अहवालात लाल खूण असलेल्या वीसपेक्षा अधिक माणसांतल्या एकालाच खरे वावडे! उरलेले सगळे ती वस्तू मजेत खातात. म्हणून तपासणी करायची ती संशयित एक-दोन पदार्थांपुरती, आणि तीही आधी काय घडले याची हकिगत नीट ऐकून. शंभर पदार्थांचे जाळे टाकले तर त्यात काहीतरी सापडणारच. काही प्रयोगशाळा आयजीईऐवजी 'आयजीजी' मोजून 'न सोसणाऱ्या' पदार्थांची यादी देतात. त्या यादीतून एवढेच कळते की तुम्ही तो पदार्थ खात आला आहात. त्यासाठी हजारो रुपये मोजण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

वाढले ते किती?

मी १९९६ साली दवाखाना सुरू केला. पहिल्या दहा वर्षांत खाद्यपदार्थाची निर्विवाद ॲलर्जी असलेली मुले मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली. आता दर वर्षी अशी काही मुले येतात. संशय घेऊन येणाऱ्यांची संख्या तर विचारूच नका. पण एका दवाखान्याच्या आठवणीवरून काळाचा कल ठरवता येत नाही. ज्या देशांनी वर्षानुवर्षे मोजदाद केली त्यांच्याकडे पाहावे लागते.

अमेरिकेत सरकारी आरोग्य पाहणीत पालकांनी सांगितलेल्या माहितीनुसार १९९७ ते १९९९ या काळात ३.४ टक्के मुलांना खाद्यपदार्थाची ॲलर्जी होती. २००९ ते २०११ या काळात हे प्रमाण ५.१ टक्क्यांवर गेले. शेंगदाण्यापुरते पाहिले तर दूरध्वनीवरून केलेल्या पाहण्यांत मुलांतले प्रमाण १९९७ साली ०.४ टक्के, २००२ साली ०.८ टक्के आणि २००८ साली १.४ टक्के आढळले. अकरा वर्षांत तिपटीहून अधिक. यावर कोणी म्हणेल, पालकांचे सांगणे कितपत धरायचे? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर मेलबर्नमध्ये मिळाले. तेथे पाच हजारांहून अधिक एक वर्षाच्या बाळांची तपासणी झाली. ज्यांच्यावर संशय होता त्यांना रुग्णालयात डॉक्टरांच्या देखत तो पदार्थ खाऊ घालून पाहिला. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दहा टक्क्यांहून अधिक बाळांना खरी ॲलर्जी होती. बहुतेकांना अंड्याची, सुमारे तीन टक्क्यांना शेंगदाण्याची.

आपल्याकडे चित्र पुष्कळ वेगळे आहे. वर सांगितलेल्याच पाहणीत सहा ते अकरा वर्षांच्या मुलांचाही अभ्यास झाला. खाद्यपदार्थांच्या ॲलर्जीचे संभाव्य प्रमाण हाँगकाँगमध्ये १.५ टक्के, दक्षिण चीनमधल्या ग्वांगझू शहरात ०.२१ टक्के आणि भारतातल्या मुलांत ०.१४ टक्के निघाले. हजारात एक-दोन मुले. हाँगकाँग आणि ग्वांगझू ही शेजारची शहरे. माणसे एकाच वंशाची, बोली एक, जेवणही बरेचसे सारखे. तरी सातपटीचा फरक! दक्षिण आफ्रिकेत एक ते तीन वर्षांच्या मुलांची मेलबर्नच्याच धर्तीवर तपासणी झाली तेव्हा केपटाउन शहरात २.५ टक्के आणि ग्रामीण भागात ०.५ टक्के असे प्रमाण आढळले. वावडे नुसते रक्तावाटे येत नाही, राहणीतूनही येते, याचा हा सबळ पुरावा मानायला हवा.

नाशिककरांना यातले दोन्ही टोकांचे जग जवळचे आहे. गंगापूर रोडवरच्या सोसायट्या आणि सुरगाणा-पेठचे पाडे यांच्यात मोटारीने दोन तासांचेही अंतर नाही. सुरगाण्याकडे आरोग्य शिबिरांना मी अनेक वर्षे गेले. तेथे मी खरूज पाहिली, पंडुरोग पाहिला, नागलीच्या भाकरीवर वाढणारी काटक पण वजनाने कमी मुले पाहिली. खाद्यपदार्थाची ॲलर्जी पाहिल्याचे आठवत नाही. अर्थात अंगावर गांधी उठलेले मूल शिबिरापर्यंत आलेच नसेल, 'दृष्ट लागली' म्हणून मीठ-मोहरी ओवाळून घेतली असेल, ही शक्यता मी नाकारत नाही.

राहणीतले नेमके काय, यावर बरीच मते आहेत. डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकांनी १९८९ साली दाखवले की भावंडे जास्त असलेल्या मुलांना परागकणांची सर्दी कमी होते. यावरून लहानपणी जंतुसंसर्ग कमी झाल्याने संरक्षणव्यवस्था भरकटते, हा विचार रूढ झाला. सिझेरियन, प्रतिजैविके, सूर्यप्रकाशाचा अभाव यांकडेही बोट दाखवले जाते. देशात सिझेरियनचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाले. पण त्याचा खाद्यपदार्थांच्या ॲलर्जीशी दुवा मला अजून बळकट वाटत नाही.

ज्यांची मुले-सुना परदेशी आहेत अशा वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात शाळेत प्रवेश घेणाऱ्या मुलांच्या पाहणीत असे दिसले की आशियाई मातांची ऑस्ट्रेलियात जन्मलेली मुले दाण्यांच्या व सुक्यामेव्याच्या ॲलर्जीला अधिक बळी पडतात. आशियात जन्मून नंतर तेथे गेलेल्या मुलांत मात्र हा धोका कमी आढळला. तेव्हा बाळंतपणाला मेलबर्नला निघालेल्या आजीबाईंनी "आमच्या घराण्यात असले काही नाही" हे वाक्य घरीच ठेवून जावे. नातवाला दाण्याचे वावडे आहे असे तेथील डॉक्टर म्हणत असतील तर लाडवाचा डबा त्याच्यापासून दूरच असू द्यावा.

मी दिलेला सल्ला

२००० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला होता की घरात ॲलर्जीचा इतिहास असलेल्या बाळांना गाईचे दूध एक वर्षापर्यंत, अंडे दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे, सुकामेवा व मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत. ब्रिटनमध्येही १९९८ पासून अशाच स्वरूपाचा सल्ला दिला जात होता. तर्क सरळ वाटे: ज्याची भीती आहे ते लांब ठेवा.

त्या सुमारास एक आई सहा महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. मुलाच्या गालांवर, कोपरांच्या व गुडघ्यांच्या खाचांत इसब होते, रात्रभर खाजवून रक्त येई. वडिलांना दमा. मी केसपेपरवर स्वच्छ अक्षरांत लिहिले आणि खाली रेघ ओढली: 'अंडे व शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत नाही.' त्या आईने ते एखाद्या व्रतासारखे पाळले. मराठी स्वयंपाकघरात दाण्याचे कूट टाळणे म्हणजे काय, हे सुगरणींना सांगायला नको. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाच्या खिचडीत कूट, आणि शिवाय चटणी. तिने मुलासाठी वेगळी भांडी ठेवली. तीन वर्षे पुरी झाल्यावर आलेल्या संक्रांतीला, बंदी संपली म्हणून, तिने स्वतःच्या हाताने त्याला वडीचा तुकडा भरवला.

दहा मिनिटांत ती रिक्षातून माझ्या दारात उतरली. मुलाचे ओठ आणि पापण्या सुजल्या होत्या, अंगभर गांधी होत्या, त्याला दोनदा उलटी झाली होती आणि प्रत्येक श्वासाला शिटी वाजत होती. मी मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रिनॅलिन टोचले. वजनाच्या प्रत्येक किलोला ०.०१ मिलिग्रॅम हा हिशेब, त्याला ०.१५ मिलिग्रॅम पुरले. दहाएक मिनिटांत शिटी मंदावली. रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली ठेवले, कारण असा झटका काही तासांनी उलटू शकतो. पुढे मुंबईच्या तज्ज्ञांकडे तपासणी झाली. तीळ निर्दोष ठरले. वावडे दाण्याचेच होते.

त्याच काळात लंडनमधले बालरोगतज्ज्ञ गिडियन लॅक एका कोड्याच्या मागे लागले होते. इस्राएलमधल्या डॉक्टरांकडे शेंगदाण्याच्या ॲलर्जीची मुले फारशी येत नव्हती. त्यांनी ब्रिटनमधल्या आणि इस्राएलमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. वंश एक, तरी ब्रिटनमध्ये प्रमाण १.८५ टक्के आणि इस्राएलमध्ये ०.१७ टक्के, म्हणजे दसपटीचा फरक. इस्राएलमध्ये बाळे काही महिन्यांची असल्यापासून 'बाम्बा' नावाचा, शेंगदाण्याचा, तोंडात विरघळणारा खाऊ खातात. ब्रिटनमधली बाळे सल्ल्यानुसार शेंगदाण्यापासून लांब होती. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. मग लॅक यांच्या चमूने खरी कसोटी घेतली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळे निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाने शेंगदाणा नियमित खायचा, दुसऱ्याने पूर्ण टाळायचा. पाच वर्षांचे वय होईपर्यंत टाळणाऱ्या गटात १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली. खाणाऱ्या गटात ३.२ टक्के. २०१५ साली हा निष्कर्ष आला आणि जगभरचे सल्ले उलटे फिरले. अमेरिकेच्या संघटनेने जुना सल्ला पुराव्याअभावी २००८ सालीच मागे घेतला होता. २०१७ साली तेथे शेंगदाणा लवकर सुरू करण्याचा नवा सल्ला आला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार त्यानंतर तीन वर्षांखालील मुलांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे निदान सुमारे ४३ टक्क्यांनी कमी झाले. मेलबर्नमध्ये घट त्या मानाने माफक आहे, ३.१ वरून २.६ टक्के. पण चढत जाणारी रेषा प्रथमच खाली वळली.

माझ्या त्या रुग्णाचे वावडे माझ्या सल्ल्यामुळे झाले का? एका मुलाबाबत ते कोणालाच ठरवता येणार नाही. कदाचित तसेही झाले असते. पण ती रेघ मीच ओढली होती.

२०१८ साली तीच आई आपल्या भाचीच्या सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. गालांवर सौम्य इसब होते. मी सांगितले, आता उष्टावण झाले की आठवड्याभरात दाण्याचे बारीक कूट पेजेतून सुरू करा. ती माझ्याकडे बघत राहिली. "मॅडम, आमच्या वेळी तुम्ही बरोबर उलटे सांगितले होते." मी म्हणाले, "हो. ते चुकले होते." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग आताचे बरोबर आहे, हे कशावरून?" प्रश्न तिचा हक्काचा होता. पूर्वीचा सल्ला हा जाणत्या लोकांचा अंदाज होता, आताचा सल्ला ६४० मुलांवर पाच वर्षे पडताळून पाहिलेला आहे, असे मी तिला सांगितले. भाचीने बाळाला माझ्या दवाखान्यात बसूनच पहिला चमचा भरवला. आम्ही तिघीही घड्याळाकडे बघत बसलो होतो.

पोटाची वाट आणि कातडीची वाट

हे असे का व्हावे? याचा धागा लॅक यांना २००३ सालीच सापडला होता. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या पुष्कळ मुलांना तान्हेपणी इसबासाठी शेंगदाणा तेल असलेली मलमे चोळली गेली होती. त्यावरून हा विचार पुढे आला: एखादे प्रथिन पोटाच्या वाटेने आले तर शरीर त्याला आपले म्हणायला शिकते; तेच फाटक्या कातडीच्या वाटेने आले तर शत्रू म्हणून नोंद होते. २००६ साली कातडीचा बांध मजबूत ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि इसब यांचा संबंध उघड झाला, आणि या विचाराला बळ आले.

इथे मला आपल्या न्हाणीघराची आठवण होते. तान्ह्याला डाळीचे पीठ, साय आणि हळद लावून न्हाऊ घालण्याची आपली रीत आहे. अंगावरची लव जावी म्हणून कित्येक घरी पीठ चांगले रगडून लावतात. २००१ साली पाटील, निफाडकर आणि बापट या मुंबईच्या संशोधकांनी हरभरा हा भारतीय उपखंडातला ॲलर्जीचा एक प्रमुख कारक पदार्थ असल्याचे दाखवले. पाश्चात्त्य यादीत हरभऱ्याचे नावही नसते. हरभऱ्याचे हे वावडे न्हाणीघरातून तर येत नसेल? हा केवळ माझा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. परंतु ज्या बाळाला इसब आहे, कातडी कोरडी व चिरलेली आहे, त्याच्या अंगाला पीठ, साय किंवा शेंगदाणा तेल लावू नका, असे मी आता स्पष्ट सांगते. त्याला खोबरेल तेल किंवा साधे मलम पुरे. निरोगी कातडीच्या बाळाच्या आजीशी मात्र मी वाद घालत नाही. तेवढे धैर्य माझ्यात नाही.

उष्टावण आणि त्यानंतर

सहा महिने केवळ अंगावरचे दूध, त्यानंतर उष्टावण, ही आपली रीत आजच्या ज्ञानाशी छान जुळते. गडबड होते ती नंतर. भाताच्या पेजेवर मूल दोन-तीन महिने रेंगाळते. तसे करू नका. पहिल्या काही आठवड्यांतच डाळी, गहू, नागलीचे सत्त्व, दही, पूर्ण शिजवलेले अंडे, दाण्याचे आणि तिळाचे अगदी बारीक कूट क्रमाने येऊ द्या. घरात जे खाल्ले जाते ते बाळानेही खायचे, एवढे सूत्र पुरे. शाकाहारी घरात अंडे आणण्याचा माझा आग्रह नाही. नवा पदार्थ सकाळच्या वेळी, बाळ बरे असताना, एका वेळी एकच, पाव चमच्यापासून. एकदा मानवला की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा; महिनोन् महिने खंड पडू देऊ नका. अख्खा शेंगदाणा किंवा काजू पाच वर्षांपर्यंत देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो, आणि त्याचा ॲलर्जीशी काही संबंध नाही. बाळाला तीव्र इसब असेल किंवा एखाद्या पदार्थाने आधीच गांधी उठल्या असतील तर शेंगदाणा-अंडे सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. तेथे तपासणीला खरा अर्थ आहे.

नुसत्या चार गांधी उठल्या, मूल खेळते आहे, तर आमसुलाचे पाणी लावायला हरकत नाही, खाज शमते. पण आवाज घोगरा झाला, श्वासाला शिटी आली, वारंवार उलट्या होऊ लागल्या, मूल एकाएकी मलूल पडले, तर आमसूलही उपयोगाचे नाही आणि ॲलर्जीचे गोड औषधही नाही. तेथे औषध एकच, ॲड्रिनॅलिन. मुलाला आडवे ठेवून, दम लागत असेल तर मांडीवर बसवून, जवळच्या दवाखान्यात न्या. परदेशात पालकांजवळ ॲड्रिनॅलिनचे तयार पेन असते. आपल्याकडे ते सहजी मिळत नाही. पण त्याची साधी कुपी अगदी स्वस्त असते. ज्यांच्या मुलाला खरे वावडे आहे त्यांनी आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवावे: ही कुपी तुमच्याकडे आहे का, तिची मुदत संपलेली नाही ना? राग येणारा डॉक्टर असला तर दुसरा शोधावा.

पाकिटावरचे लेबल वाचा. २०२० च्या नियमांनुसार ग्लूटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडे, मासे, शेंगदाणा व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट यांची नोंद पाकिटावर करणे बंधनकारक आहे. तीळ आणि हरभरा त्या यादीत नाहीत. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाची नोंद सक्तीची केली. तीळ आपण त्यांच्यापेक्षा किती तरी अधिक खातो. आणि मिसळीच्या प्लेटला तर लेबलच नसते. तर्रीत काय वाटून घातले आहे, शेव कोणत्या तेलात तळली आहे, हे तोंडाने विचारावे लागते. दाण्याचे वावडे असलेला माझा तो रुग्ण आता विशी ओलांडून गेला आहे. नाशिकचा चिवडा त्याने आयुष्यात खाल्लेला नाही. दुधाचे आणि अंड्याचे वावडे बहुतेक मुलांत वयाबरोबर सुटते. शेंगदाण्याचे पाचांतल्या एखाद्यातच. तो त्या एकात बसला नाही.

सातपूरच्या त्या बाळाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. दूध, गहू, तूरडाळ आणि केळे ही चारही तो अहवालापूर्वी खात होता आणि त्याला कधी काही झाले नव्हते. ती मी त्याच दिवशी सुरू करायला सांगितली. जे त्याने कधी खाल्लेच नव्हते ते शेंगदाणा, तीळ आणि अंडे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रुग्णालयात देऊन पाहिले. शेंगदाणा व तीळ मानवले. अंड्याने मात्र पाऊण तासात पाठीवर गांधी उठल्या. २९ लाल खुणांतली एक खरी निघाली.

दिवाळीला सासूबाई त्याला कडेवर घेऊन आल्या. वजन ९ किलो भरले. त्यांनी माझ्यासाठी फराळाचा डबा आणला होता, आणि पोराच्या मुठीत अर्धा खाल्लेला बेसनाचा लाडू होता. "डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "त्या कागदांचे काय करू? सून टाकू देत नाही." मी त्यांतले अंड्याचे पान तेवढे ठेवायला सांगितले. दोन वर्षांचा झाला की ते पुन्हा पाहायचे आहे.